मादाम क्युरींचा एक्स-रेचा वर्ग

घरात कुणी पाय घसरून पडलं की आपण तालुक्याच्या गावी धाव घेतो. डॉक्टर चिठ्ठी देतात आणि आधी एक्स-रे काढून आणायला सांगतात. आतल्या खोलीत एप्रन घातलेली एखादी मुलगी असते. हात कसा ठेवायचा ते ती दाखवते, श्वास रोखायला सांगते, आडोशामागे जाऊन बटण दाबते. दहा मिनिटांत आपण बाहेर. ही मुलगी कुठे शिकली, काय शिकली, हा प्रश्न आपल्या मनात येतही नाही. आज ज्या बाईबद्दल लिहायचं आहे, तिने मात्र ऐन युद्धात नेमका हाच विचार केला होता. यंत्रं मिळतील, गाड्याही मिळतील, पण ती चालवायला शिकलेले हात कुठून आणायचे?

ती बाई म्हणजे मादाम मेरी क्युरी. रेडियम शोधणारी, दोनदा नोबेल मिळवणारी शास्त्रज्ञ म्हणून शाळेच्या पुस्तकात आपण तिला भेटलेलो असतो. पण मैत्रिणींनो, ती जन्मभर शिक्षिकाही होती, आणि त्या शिक्षिकेची गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

7 नोव्हेंबर 1867 रोजी पोलंडमधल्या वॉर्सा शहरात तिचा जन्म झाला. नाव मार्या स्क्लोदोव्स्का, घरात सगळे मान्या म्हणायचे. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत. आई मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. मान्या दहा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. त्या काळी पोलंडच्या त्या भागावर रशियाचं राज्य होतं. शाळेत स्वतःच्या भाषेवरही बंदी. शालेय शिक्षण संपवताना मान्याला सुवर्णपदक मिळालं, पण पुढे काय? वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता. मग काही जणींनी आणि त्यांच्या शिक्षकांनी चोरून वर्ग चालवले. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून वर्गाची जागा सारखी बदलायची. लोक त्याला उडतं विद्यापीठ म्हणत. मान्या तिथे शिकली.

मोठी बहीण ब्रोन्या हिला डॉक्टर व्हायचं होतं. पैसे दोघींपुरते नव्हते. तेव्हा दोघींनी आपसात ठरवलं की आधी ब्रोन्याने पॅरिसला जायचं, मान्याने नोकरी करून तिला पैसे पाठवायचे आणि नंतर ब्रोन्याने धाकटीला बोलावून घ्यायचं. अठराव्या वर्षी मान्या एका दूरच्या खेड्यात, सधन घरातल्या मुलांना शिकवायला जाऊन राहिली. दिवसभर ते काम उरकलं की ती त्या घरच्या मोठ्या मुलीला सोबत घेऊन गावातल्या शेतमजुरांच्या मुलांना पोलिश लिहाय-वाचायला शिकवायची. हे सरकारच्या दृष्टीने गुन्ह्याचं काम होतं. पण आपल्याला जे लपूनछपून मिळालं ते दुसऱ्याला द्यायचं, हे तिच्या मनाने तेव्हाच घेतलं असावं.

1891 मध्ये ती पॅरिसला पोचली तेव्हा चोविशीत होती. थंडीने गारठलेली छोटी खोली, कधी नुसत्या पाव-लोण्यावर काढलेले दिवस. 1893 मध्ये भौतिकशास्त्राच्या पदवीत ती पहिली आली, 1894 मध्ये गणितात दुसरी. 1895 मध्ये पिएर क्युरीशी लग्न झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीत राँटगेन यांना एक्स-रेचा शोध लागला. 1898 मध्ये मेरी आणि पिएर यांनी पोलोनियम आणि रेडियम ही दोन नवी मूलद्रव्यं शोधली. 1900 पासून मेरी सेव्हर इथल्या, शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजात शिकवू लागली. तिथल्या मुलींना तिने हाताने प्रयोग करायला लावले. 1903 चं नोबेल पारितोषिक पती-पत्नीला आणि बेकेरेल यांना मिळून मिळालं.

आणि मग 1906 च्या एप्रिलमध्ये पिएर रस्त्यात घोडागाडीखाली सापडून गेला. पदरात आठ वर्षांची इरेन आणि दीड वर्षाची ईव्ह. मेरी रडत बसली नाही असं म्हणणं खोटं ठरेल, ती आतून पार कोसळली होती. पण त्याच वर्षी पिएरच्या जागेवर ती सोरबोन विद्यापीठात शिकवायला उभी राहिली. तिथे शिकवणारी ती पहिली बाई. 1911 मध्ये दुसरं नोबेल मिळालं, पण त्याच वर्षी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने तिला सदस्यत्व नाकारलं आणि वर्तमानपत्रांनी तिच्या खासगी आयुष्यावर चिखल उडवला. एकट्या बाईच्या चारित्र्यावर बोलणं किती सोपं असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

1914 च्या ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. पॅरिसमध्ये तिच्यासाठी बांधलेली रेडियम इन्स्टिट्यूट नुकतीच उभी राहिली होती, पण तिथली माणसं सैन्यात गेली. जर्मन सैन्य पॅरिसजवळ आलं तेव्हा संस्थेजवळचं सगळं रेडियम, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम, शिशाच्या जड पेटीत घालून ती आगगाडीने बोर्दो शहरी गेली. ते सुरक्षित ठेवलं आणि पॅरिसला परतली. संशोधन थांबलंच होतं. मग आता आपण काय करू शकतो, असा विचार करताना तिला एक्स-रे आठवले.

आघाडीवर काय चाललं होतं? सैनिकांच्या अंगात बंदुकीच्या गोळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे घुसत. सर्जन लोक ते अंदाजाने शोधत, जखम आणखी चिघळे. एक्स-रेची यंत्रं मोठ्या शहरांच्या इस्पितळांत होती आणि जखमी माणूस तिथवर पोचेपर्यंत जगेलच असं नव्हतं. मेरीने ठरवलं की माणूस यंत्राकडे जाऊ शकत नसेल तर यंत्र माणसाकडे न्यायचं. फ्रान्समधल्या एका महिला संघटनेने पहिल्या गाडीसाठी पैसे दिले. श्रीमंत बायकांच्या दारी जाऊन मेरीने आणखी गाड्या मागून घेतल्या. गाडीच्या इंजिनावर डायनामो चालवायचा, त्यातून वीज घ्यायची, खोलीच्या खिडक्यांना काळे पडदे लावायचे आणि कामाला लागायचं. अशा वीस गाड्या तिने सज्ज केल्या. सैनिक त्यांना छोट्या क्युरी म्हणू लागले. शिवाय निरनिराळ्या इस्पितळांत एक्स-रेच्या दोनशे खोल्या तिने उभ्या केल्या.

एक लक्षात घ्या, मेरी डॉक्टर नव्हती. एक्स-रेवर तिने कधी संशोधनही केलं नव्हतं. पन्नाशीकडे झुकलेली ही बाई शरीररचनेची पुस्तकं घेऊन बसली, मोटार चालवायला शिकली आणि 1916 मध्ये तिने लायसन्सही काढलं. रस्त्यात चाक बदलायची वेळ आली तर तेही करायची. 1915 मध्ये एकदा गाडी उलटून सामानाच्या पेट्या तिच्या अंगावर कोसळल्या. घरी तिने अवाक्षर काढलं नाही.

थोरली इरेन तेव्हा सतरा वर्षांची होती. आईबरोबर ती आघाडीवर गेली आणि अठराव्या वर्षी बेल्जियममधल्या एका लष्करी इस्पितळात एक्स-रेचं काम एकटी सांभाळू लागली. शरीरात तुकडा किती खोल आहे हे एका चित्रावरून कळत नाही. त्यासाठी दोन जागांवरून दोन चित्रं घेऊन गणित करावं लागतं. एक डोळा मिटून बोटाकडे बघा, मग दुसरा मिटून बघा. बोट सरकल्यासारखं दिसतं ना? जवळचं बोट जास्त सरकतं, लांबचं कमी. तत्त्व तेच. तिथल्या सर्जनला एका पोरसवदा मुलीचं हे गणित पटेना, तो आपल्याच पद्धतीने जखमेत शोधत राही. इरेन चिवटपणे हिशेब मांडून दाखवत राहिली.

आता मूळ प्रश्न उरलाच होता. यंत्रं मिळाली, पण चालवणारे कुठे होते? पुरुष युद्धावर गेलेले. तेव्हा 1916 मध्ये मेरीने रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये बायकांसाठी एक्स-रेचा वर्ग सुरू केला. एका वेळी साधारण वीस जणी, मुदत दीड-दोन महिने. आलेल्या बायका सगळ्या थरांतल्या होत्या. कुणी नर्स, कुणी सधन घरातली, तर कुणी दुसऱ्याच्या घरी काम करणारी. काहींचं शिक्षण अगदी जेमतेम. इतक्या थोड्या दिवसांत यांना काय येणार, असं वाटणारे होतेच.

अभ्यासक्रम तीन भागांचा होता. वीज म्हणजे काय आणि ती कशी हाताळायची हा पहिला. एक्स-रे कसे तयार होतात, यंत्र कसं जोडायचं, चित्र कसं घ्यायचं हा दुसरा. शरीरातली हाडं आणि अवयव कुठे असतात हा तिसरा. यात हाताने करायच्या कामावर मोठा भर होता, कारण आघाडीवर बिघाड झाला तर दुरुस्त करायला कोण येणार? ज्या बाईने नोबेल मिळवलं होतं ती विजेची अगदी प्राथमिक माहिती पुन्हा पुन्हा, न कंटाळता समजावत होती. इरेनही शिकवायची, आणि हे सगळं सांभाळून तिने याच काळात स्वतःच्या पदवी परीक्षाही दिल्या.

युद्ध संपेपर्यंत या वर्गातून सुमारे दीडशे बायका तयार झाल्या. त्या इस्पितळांत गेल्या आणि त्यांनी काम चोख केलं. मेरीच्या गाड्या आणि खोल्यांमधून तपासलेल्या जखमींची संख्या दहा लाखांवर गेली. 1921 मध्ये मेरीने युद्धातल्या या कामावर पुस्तक लिहिलं, त्यात या शिकाऊ बायकांचं मोल तिने मानलं आहे.

याची किंमत मात्र मोठी होती. किरणांपासून अंग कसं जपायचं याची जाण तेव्हा अपुरी होती. हातमोजे आणि थोडाफार आडोसा, एवढाच बचाव. 4 जुलै 1934 रोजी मेरी रक्ताच्या आजाराने गेली. इरेनला 1935 मध्ये पतीसह नोबेल मिळालं आणि 1956 मध्ये तीही रक्ताच्या कर्करोगाने गेली. 1995 मध्ये मेरीला पॅरिसच्या पॅन्थिऑनमध्ये मानाने ठेवलं गेलं. त्या वेळी तिचे अवशेष तपासणाऱ्या फ्रेंच तज्ज्ञांना वाटलं की रेडियमपेक्षा युद्धातल्या एक्स-रेंनीच तिचा घात केला असावा.

म्हणूनच आज आपल्याकडे एक्स-रे काढणारी व्यक्ती शिशाचा एप्रन वापरते आणि अंगावर किती किरण पडले हे मोजणारा छोटा बिल्ला लावते. मेरीच्या वर्गातला विजेचा, यंत्राचा आणि शरीररचनेचा अभ्यास आजच्या डिप्लोमा आणि बी.एस्सी. कोर्समध्येही आहे. त्यात सीटी स्कॅन आणि एमआरआयची भर पडली आहे, आणि किरणांपासून बचाव हा स्वतंत्र विषय झाला आहे.

बारावी सायन्सचा निकाल लागला की आपल्या घरांत एकच चर्चा सुरू होते. मेडिकलला नंबर लागला नाही, आता पुढे काय? मुलगी हिरमुसते, आपणही हिरमुसतो. अशा वेळी या कोर्सची चौकशी जरूर करा. पण नुसती जाहिरात बघून फी भरू नका. कोर्सला मान्यता आहे का, प्रत्यक्ष इस्पितळात किती महिने काम करायला मिळतं, मुलींना तो बिल्ला आणि एप्रन दिला जातो का, हे तीन प्रश्न कॉलेजात जाऊन स्वतः विचारा. बचावाशिवाय काम केलेल्या एका पिढीने या तिसऱ्या प्रश्नाची फार मोठी किंमत मोजली आहे.