पावसाचं समीकरण मांडणारा वॉकर

शिवाजीनगरला बस बदलणाऱ्या पुण्यातल्या कुठल्याही पोराला सिमला ऑफिसचा चौक माहीत असतो. कंडक्टर ओरडतो, आपण उतरतो आणि चालू लागतो. पुण्यात हे सिमला कुठून आलं, हा प्रश्न मला फर्स्ट इयरभर रोज तिथून जाऊनही पडला नव्हता. उत्तर तसं साधं आहे. हवामान खात्याचं मुख्यालय पूर्वी सिमल्याला होतं. १९२८ साली ते पुण्यात आलं आणि लोक इमारतीला सिमला ऑफिसच म्हणायला लागले. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र इथेच राहिलं.

त्या सिमल्याच्या ऑफिसात ज्याने वीस वर्षं काढली, तो सर गिल्बर्ट वॉकर पुण्याच्या या इमारतीत कधी बसला नाही. ऑफिस इकडे येण्याआधी चार वर्षं तो निवृत्त होऊन इंग्लंडला परतला होता. माझी आणि त्याची ओळख झाली ती एका फसलेल्या प्रॅक्टिकलमुळे. सात रीडिंग्ज होती, ग्राफ काही केल्या सरळ येईना. मी एक्सेलमध्ये सहाव्या घाताची ट्रेंडलाइन टाकली. वक्र सातही बिंदूंतून अगदी मधोमध गेला, आर-स्क्वेअर आला १! छाती फुगवून जर्नल पुढे केलं. सरांनी एकच विचारलं, आठवं रीडिंग किती येईल? माझ्या समीकरणातून ते ऋण येत होतं. जी राशी ऋण असूच शकत नाही, ती! सात बिंदू आणि सात गुणक, मग वक्र बिंदूंतून जाणारच, त्यात माझी काय कर्तबगारी? त्यानंतर लायब्ररीत या विषयावर वाचताना वॉकर सापडला. माझ्या चुकीने फक्त जर्नल रीपीट झालं. त्याच्या हातून तीच चूक झाली असती, तर प्रश्न माणसांच्या पोटाचा होता.

हे पोटाचं का, ते आधी सांगतो. हवामान खातं १८७५ मध्ये निघालं आणि लगेच १८७६-७८ चा दुष्काळ आला, ज्याने आपलं दख्खन पार होरपळून काढलं. सरकारला पावसाचा अंदाज आधी हवा होता. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा पावसाशी संबंध जोडला. बर्फ जास्त, तर पाऊस कमी. १८८६ पासून रीतसर अंदाज निघू लागले. त्यांच्यानंतर आलेल्या एलियट यांनी त्यात आणखी बऱ्याच गोष्टी घातल्या, आणि अंदाजाचे लांबलचक अहवाल होऊ लागले. १८९९ साली त्यांनी चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि त्याच वर्षी भीषण अवर्षण पडलं. गुजरात-राजस्थानात त्याला अजूनही छप्पनिया म्हणतात. वर्तमानपत्रांनी खात्याला धारेवर धरलं आणि मग काही वर्षं अंदाज गोपनीयच ठेवले गेले.

१९०४ साली या खुर्चीवर एलियट यांच्या जागी आणून बसवला गेला तो गिल्बर्ट वॉकर. हवामानशास्त्राचा त्याला काडीचाही अनुभव नव्हता.

जन्म १४ जून १८६८, इंग्लंडमधल्या रॉचडेलचा. वडील क्रॉयडन गावचे इंजिनिअर, म्हणजे आपल्याच जातकुळीतले. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला आणि १८८९ मध्ये सीनियर रँग्लर झाला, म्हणजे गणिताच्या परीक्षेत अख्ख्या विद्यापीठात पहिला. (रँग्लर म्हटलं की आपल्याला परांजपे आठवतात. ते दहा वर्षांनी, १८९९ मध्ये, याच परीक्षेत सीनियर रँग्लर झाले.) अभ्यासाच्या अतिताणाने पुढच्याच वर्षी वॉकरची तब्येत ढासळली आणि काही हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. तिथे पठ्ठ्याने बर्फावरच्या स्केटिंगचं वेड लावून घेतलं. केंब्रिजच्या हिरवळीवर तो बूमरँग फेकत बसायचा, इतका की मित्रांनी नावच बूमरँग वॉकर पाडलं. पण नुसता फेकत बसला नाही, १८९७ मध्ये बूमरँगच्या गतीवर त्याने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला. फिरत फिरत हवेतून परत येणारी वस्तू हा गतिशास्त्राचा चांगलाच किचकट प्रश्न आहे, एसओएमच्या पेपरसारखा नाही! बासरीच्या रचनेत सुधारणा करणं आणि घारी-गिधाडं पंख न हलवता कशी तरंगतात ते पाहत बसणं हेही त्याचे उद्योग होते.

असा माणूस सिमल्यात आला आणि त्याला पहिली गोष्ट कळली, की हा प्रश्न समीकरणं सोडवून सुटणारा नाही. वारा, दाब, तापमान, समुद्र, बर्फ, सगळं एकमेकांत गुंतलेलं. न्यूटनच्या नियमांपासून सुरुवात करून रत्नागिरीला जूनमध्ये किती पाऊस पडेल इथपर्यंत पोचणं १९०४ मध्ये अशक्य होतं. कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा टेबलाशी बसून आकडेमोड करणारा कारकून. मग त्याने दुसरी वाट धरली. जगभरच्या केंद्रांवरून दाब, तापमान, पाऊस यांचे जुने आकडे मागवायचे आणि त्यातलं काय आपल्या पावसाबरोबर वर-खाली होतं ते मोजायचं. आपण एम-थ्रीमध्ये पाठ करतो तो कोरिलेशन कोइफिशंट तेव्हा अगदी नवा होता. कार्ल पिअरसन वगैरे मंडळी तो जीवशास्त्रात वापरत होती. वॉकरने तो हवामानाला लावला आणि कारकुनांची फौज बेरजा-गुणाकारांना बसवली.

आता खरी मेख. आकडे मागवायला लागलं की शेकडो घटक गोळा होतात. मग सगळेच समीकरणात का घालू नयेत? जितके घटक जास्त, तितकं समीकरण जुन्या आकड्यांशी छान जुळतं. तीस वर्षांच्या पावसाला एकोणतीस घटक आणि एक स्थिरांक दिला, की ते तंतोतंत जुळणार, माझ्या सहाव्या घातासारखं. पण पुढच्या वर्षी काय? वॉकरने १९०९ च्या सुमारास जे समीकरण वापरात आणलं, त्यात चारच घटक होते. मे अखेरचा हिमालयातला बर्फ, मॉरिशसचा हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब आणि झांझिबारचा पाऊस. बास. एवढ्या अवाढव्य मान्सूनसाठी चार आकडे.

तरीही एक शंका उरतेच. हे चार निवडले कसे? शंभरातून सगळ्यात चांगले दिसणारे उचलले, तर ते खरोखर चांगले की नशीबवान? या प्रश्नावर वॉकरने १९१४ मध्ये एक निबंध लिहिला, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम तेच. सोपा हिशोब करून बघा. तुमच्याकडे तीस वर्षांचा पाऊस आहे आणि पावसाशी सुतराम संबंध नसलेले शंभर घटक आहेत. होस्टेलच्या मेसमधल्या चपात्यांची संख्या धरा हवी तर. तरीही त्या शंभरांतल्या साधारण एकाचा सहसंबंध ०.४६ च्या पुढे निघेल, नुसत्या योगायोगाने. एकट्याने येऊन ०.४६ दाखवणाऱ्या घटकाला मान द्यावा, पण शंभरांतून निवडून आणलेल्याला नाही. निवड जितक्या मोठ्या गर्दीतून केली, तितकी पास होण्याची पायरी उंच ठेवली पाहिजे, हे वॉकरने गणिताने मांडलं. आज जीन्सच्या हजारो आकड्यांत रोगाचं कारण शोधणारे किंवा डेटा मायनिंग करणारे लोक याच खड्ड्याभोवती कुंपण घालत असतात.

त्या काळी सूर्यावरच्या डागांवरून पाऊस सांगणाऱ्यांची चलती होती. वॉकरने ते नातंही मोजून पाहिलं आणि ते फारच दुबळं निघालं.

मधेच एक वेगळा प्रसंग, कारण तो सांगितल्याशिवाय माणूस कळत नाही. फेब्रुवारी १९१३ मध्ये वॉकर कामासाठी मद्रासला गेला होता. पोर्ट ट्रस्टचे प्रमुख सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी त्यांच्या ऑफिसातल्या एका कारकुनाच्या वह्या त्याला दाखवल्या. कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. सीनियर रँग्लरच्या तोऱ्यात वॉकर काहीही मत ठोकू शकला असता. त्याने मद्रास विद्यापीठाला पत्र लिहिलं, त्याचा आशय असा होता की गणिताची ही शाखा माझी नाही, त्यामुळे या मुलाची खरी उंची मी सांगू शकत नाही, पण पोटाची चिंता न करता काही वर्षं त्याला फक्त गणित करू देणं विद्यापीठाच्या हिताचं आहे. रामानुजन यांना महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली ती त्यानंतर. आपल्याला काय कळत नाही हे मोजून सांगायची सवय या माणसाला पावसापुरतीच नव्हती तर!

पहिल्या महायुद्धात माणसं कमी झाली तरी आकडेमोड चालूच राहिली. नवी वर्षं जोडली गेली तशी काही नाती ढिली पडली, समीकरणं पुन्हा बसवावी लागली. सगळ्या देशाला एकच सूत्र चालत नाही म्हणून वॉकरने द्वीपकल्प, वायव्य आणि ईशान्य असे भाग पाडले. आणि या सगळ्या ढिगाऱ्यातून एक चित्र वर आलं. प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला, ऑस्ट्रेलियातल्या डार्विनपर्यंत, तो घटतो, आणि उलट. बागेतल्या सी-सॉसारखं. आधी हिल्डेब्रांडसन आणि लॉकियर पितापुत्रांना याची चाहूल लागली होती, पण जगभरच्या आकड्यांतून त्याचा पूर्ण आकार वॉकरने दाखवला आणि १९२४ मध्ये नाव दिलं, सदर्न ऑसिलेशन. अटलांटिक आणि उत्तर प्रशांतमधल्या तशाच दोन झोक्यांनाही त्यानेच वेगळं ओळखलं. शेकडो ठिकाणचे आकडे एकीकडे, आणि त्यांच्यामागचे तीन झोके दुसरीकडे.

गंमत अशी, की ज्या मान्सूनसाठी हे सगळं केलं, तो हाताला फारसा लागला नाही. आपल्या पावसाचं त्याच्या नंतरच्या जगाच्या हवामानाशी नातं जास्त घट्ट, आधीच्याशी कमी! म्हणजे मान्सूनवरून इतरांचं भाकीत करावं, मान्सूनचं भाकीत मात्र अवघड.

१९२४ मध्ये वॉकर सर झाला, निवृत्त झाला आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात दहा वर्षं प्राध्यापक होता. तिथे १९३१ मध्ये त्याने डार्विनच्या दाबाच्या आकड्यांवर एक निबंध लिहिला. आजचा आकडा मागच्या काही थोड्या आकड्यांवरून कसा मांडायचा, याचं गणित त्यात आहे. यूल यांनी १९२७ मध्ये सुरू केलेलं ते काम वॉकरने पुढे नेलं, म्हणून यूल-वॉकर समीकरणं. ईअँडटीसीवाल्यांनी डीएसपीत हे नाव घोकलं असेल. पहिल्या जीएसएम मोबाईलमध्ये तुमच्या आवाजाच्या २० मिलिसेकंदांचे १६० नमुने जसेच्या तसे जात नव्हते. त्यांचा ढाचा याच जातीच्या गणिताने ८ गुणकांत बसवला जायचा. पावसासाठी निघालेली गोष्ट फोनपर्यंत गेली. बूमरँगवाल्याला हे नक्की आवडलं असतं.

हयातीत मात्र त्याच्याकडे जरा संशयानेच पाहिलं गेलं. आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. नाती आहेत, पण ती का आहेत? दाबाचा सी-सॉ कोण हलवतं? वॉकरपाशी उत्तर नव्हतं आणि असल्याचा आवही त्याने आणला नाही. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो गेला. हवामानशास्त्राच्या नियतकालिकातल्या मृत्युलेखाचाही सूर असाच होता, की या नात्यांतून जगाच्या हवामानाचा सिद्धांत उभा राहील असं काही दिसत नाही.

नेमक्या त्याच काळात, १९५७-५८ मध्ये, आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष चालू होतं, म्हणजे जगभर एकाच वेळी मोजमापं घेतली जात होती. आणि तेव्हाच प्रशांत महासागर तापला होता. त्या आकड्यांवरून याकोब बियर्कनेस यांनी दाखवलं, की पेरूच्या किनाऱ्यावर कोळ्यांना माहीत असलेला एल निनो आणि वॉकरचा सी-सॉ ही एकाच यंत्राची दोन टोकं आहेत. समुद्र दाबाला हलवतो, दाब वाऱ्याला आणि वारा पुन्हा समुद्राला. १९६९ मध्ये त्यांनी विषुववृत्तावरच्या त्या हवेच्या चक्राला नाव दिलं, वॉकर सर्क्युलेशन. मृत्युलेखाला दहाच वर्षं झाली होती.

आपल्याकडचा पुढचा भाग थोडक्यात. १९८८ पासून हवामान खातं डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचं १६ घटकांचं मॉडेल वापरत होतं, आणि त्याने बरीच वर्षं साथ दिली. २००२ मध्ये अंदाज सरासरीच्या १०१ टक्के होता, पाऊस पडला ८१ टक्के. खात्याने घटक पुन्हा तपासले, काही नाती जुनी होऊन सुटली होती. २००३ मध्ये ८ आणि १० घटकांची मॉडेल्स आली. २००७ पासून एप्रिलच्या अंदाजाला ५ आणि जूनच्या अंदाजाला ६ घटक पुरले. २०२१ पासून देशोदेशीच्या गतिकीय मॉडेल्सचं एकत्रित उत्तर घेतात, ज्यात समुद्र आणि हवा सुपरकॉम्प्युटरवर खरोखर चालवून पाहिली जाते. त्या मॉडेल्सना एल निनो नीट दाखवता येतो का, हे तपासायला डार्विन आणि ताहितीच्या दाबातला फरक आजही काढतात, वॉकरच्या कारकुनांसारखाच, एकातून दुसरा वजा करून.