दामोदर धर्मानंद कोसंबी : यदृच्छेचा हिशेब

आचार्य धर्मानंद कोसंबींचे नाव मराठी ग्रंथालयाच्या जुन्या वाचकाला अपरिचित नाही. ‘निवेदन’ आणि ‘भगवान बुद्ध’ वाचून कित्येकांनी रात्री जागविल्या असतील. त्यांचे पुत्र दामोदर यांनी मात्र आपले बहुतेक लेखन इंग्रजीत केले. त्यामुळे इतिहासकार म्हणून त्यांची कीर्ती आपल्यापर्यंत पोचली. त्यांच्यातील गणिती बहुधा पडद्याआडच राहिला. तो गणिती आयुष्यभर यदृच्छेचा, म्हणजे ज्याला आपण योगायोग म्हणून सोडून देतो त्याचा, हिशेब मांडीत होता.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. वडिलांबरोबर ते लहान वयातच अमेरिकेस गेले आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी सन्मानपूर्वक मिळवून परतले. बनारस व अलीगढ येथे काही काळ अध्यापन करून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात स्थिरावले.

पुण्यात असतानाच त्यांचे लक्ष तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या प्राचीन आहत नाण्यांकडे वळले. सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्रा-बागायतदाराला जे अनुभवाने ठाऊक असते, तेच येथे कामी आले. एका बागेतील फळे तोलली तर मध्यम वजनाची पुष्कळ निघतात, फार लहान व फार मोठी थोडीच. संख्याशास्त्रात अशा घंटेच्या आकाराच्या वाटणीस प्रसामान्य वितरण म्हणतात. टाकसाळीतून निघालेल्या नाण्यांची वजनेही साधारण अशीच वाटलेली असतात. पुढे ती हातोहात फिरतात, झिजतात. सरासरी वजन उतरते आणि वजनांतील तफावत वाढत जाते. या झिजेवरून कोणती नाणी अधिक काळ चलनात होती, हे ताडता येईल, असा कोसंबींचा तर्क होता. तो पडताळण्यासाठी त्यांनी चालू व्यवहारातील नाणीही हजारोंनी तोलली. नाण्यांवरील राजांची नावे शोधणाऱ्या पंडितांना हा तराजूचा उद्योग विचित्र वाटला असल्यास नवल नाही. परंतु इतिहासाला मापाची शिस्त लावण्याचे ते काम मोलाचे होते, असे आमचे मत आहे.

१९४३ साली त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. एका संख्येऐवजी एखादी अख्खी वक्ररेषाच यदृच्छेने हाती आली तर तिचा अभ्यास कसा करावा? ठराविक मूळ वक्र घ्यावेत आणि प्रत्येकाला एकेक यादृच्छिक गुणक द्यावा. प्रसामान्य वितरणाच्या बाबतीत हे गुणक परस्परांपासून स्वतंत्र असतात. ही मांडणी पुढे कार्हुनेन व लोएव्ह यांच्या नावाने जगभर गाजली. कोसंबींचे नाव त्यात फार उशिरा जोडले गेले.

मात्र असे प्रसामान्य अंक आणावयाचे कोठून? निसर्गतः सहज हाती येते ती समान संधीची यदृच्छा. एका फाशाची सहाही अंगे सारख्याच हक्काने पडतात. दोन फासे टाकले की सात ही बेरीज छत्तीसांपैकी सहा प्रकारे होते, दोन ही एकाच प्रकारे. फासे वाढवीत गेले की बेरजांचा ढीग मध्यभागी साचून घंटेचा आकार घेतो. शून्य ते एक यांमधील बारा यादृच्छिक संख्यांची बेरीज करून सहा वजा करण्याची युक्ती यातूनच आली. टिपेट यांनी १९२७ साली जनगणनेच्या अहवालांतून ४१,६०० अंकांचे कोष्टक छापले होते; त्याच्या आधारे कलकत्त्यात महालनोबिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ साली प्रसामान्य नमुन्यांची कोष्टके सिद्ध केली. १९५८ साली बॉक्स आणि मुलर यांनी दोनच समान संधीच्या संख्या पुरेशा करून दाखविल्या: एकीच्या लॉगॅरिथमवरून केंद्रापासूनचे अंतर, दुसरीवरून कोन, आणि त्यांतून अचूक प्रसामान्य अशी जोडी.

या सर्व युक्त्यांचा पाया एकच, मूळ यदृच्छा निर्दोष हवी. कोसंबींनी नेमके तेथेच बोट ठेवले. त्याच १९५८ साली रामामोहन राव यांच्यासह त्यांनी पत्ते पिसण्याने कितपत यदृच्छा साधते याची परीक्षा करणारा निबंध प्रसिद्ध केला. बावन्न पत्त्यांच्या संभाव्य क्रमांची संख्या अडुसष्ट अंकी आहे. चार वेळा हात फिरविल्याने त्या सर्वांना समान संधी मिळते, असे मानणे भोळेपणाचे होय. पत्ते ओळखून अतींद्रिय शक्ती सिद्ध करू पाहणाऱ्या प्रयोगांना हा प्रश्न फार अडचणीचा होता.

दुर्दैव असे की, यदृच्छेची इतकी कठोर पारख करणाऱ्या या पुरुषाने मूळ संख्यांच्या बाबतीत तिच्यावर गरजेपेक्षा अधिक विश्वास टाकला. मूळ संख्या जणू यादृच्छिक नमुना आहेत, असे मानून रीमानच्या सुप्रसिद्ध अनुमानाची सिद्धता सापडल्याचा दावा त्यांनी केला. हा लेख १९५९ साली कृषी-संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात छापला गेला. मूळ संख्या तर कायमच्या ठरलेल्या. त्यांत नमुना निवडणे कसले? गणितज्ञांनी ती सिद्धता मान्य केली नाही आणि कोसंबींच्या प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला.

होमी भाभांच्या निमंत्रणावरून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले होते. पुण्याहून मुंबईस डेक्कन क्वीनने जात-येत. १९६२ साली त्यांची तेथील सेवा संपुष्टात आली. पुढील चार वर्षे पुण्याभोवतालचे डोंगर, पायवाटा आणि ग्रामदैवते धुंडाळण्यात गेली. मूळ संख्यांचा नाद मात्र सुटला नाही. त्यांवरील आणखी एक निबंध १९६३ साली अमेरिकेत छापला गेला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा साठी पूर्ण होण्यास एक वर्ष उरले होते.