पैठणचे शंकरराव, जायकवाडीचं पाणी अन् मुकुंदवाडीचा हंडा

मुकुंदवाडी (छत्रपती संभाजीनगर) : २०१९ च्या दुष्काळात मुकुंदवाडीची शाळकरी पोरं रिकामे डबे-कॅन घेऊन रेल्वेत बसायची, संभाजीनगर स्टेशनवर पाणी भरायची आणि परतीच्या गाडीने घरी यायची. ही बातमी देशभर गाजली. शहराला पाणी देणारं जायकवाडी धरण इथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे. ते धरण उभं राहावं म्हणून ज्यांनी आपली राजकीय ताकद पणाला लावली, ते माजी केंद्रीय गृहमंत्री शंकरराव चव्हाण पैठणचेच.

शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी पैठणला, शेतकरी कुटुंबात झाला. तेव्हा मराठवाड्यावर निजामाचं राज्य होतं. शिकायचं म्हटलं तर हैदराबाद गाठावं लागायचं. तिथल्या उस्मानिया विद्यापीठातून ते वकील झाले. पण स्वामी रामानंद तीर्थ यांनी हाक दिली तशी वकिली बाजूला ठेवून ते मुक्तिसंग्रामात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर शंकररावांनी नांदेड ही कर्मभूमी केली. तिथे नगराध्यक्ष झाले, १९५७ ला आमदार आणि लगेच उपमंत्रीही.

१९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि पाटबंधारे खातं त्यांच्याकडे आलं. खरं काम इथून सुरू झालं. गोदावरी मराठवाड्यातून वाहत होती, पण काठावरची शेती मात्र पावसाच्या भरवशावर. गोदावरीवरचं धरण आधी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ होणार होतं. पुढे जागा बदलून वर पैठणला आली, धरण मोठं झालं, पण नाव तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. तोवर शंकरराव राज्याचे मुख्यमंत्री झाले होते.

सुमारे १० किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे आणि जवळपास १०२ टीएमसी पाणी मावेल एवढा नाथसागर. डाव्या कालव्याचं पाणी जालना-परभणीकडे, तर उजव्याचं बीडकडे गेलं. पण याची किंमतही मोठी होती. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा भागातली शंभरावर गावं पाण्याखाली गेली किंवा बाधित झाली. काळी कसदार जमीन गेली, घरं गेली, देवळं गेली. धरणाला विरोधही झाला. शंकरराव मागे हटले नाहीत. विस्थापितांच्या त्यागावरच बाकीच्यांची शेतं भिजली, ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाबरोबर सांगावीच लागते.

१९७४ ला मराठवाड्याच्या विकासासाठी विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९७५ मध्ये, शंकरराव मुख्यमंत्री झाले. या खुर्चीवर बसलेले ते मराठवाड्याचे पहिलेच. काही महिन्यांत आणीबाणी आली. त्या काळात त्यांचा कारभार कडक होता. वेळेची शिस्त, फायलीचा बारकाईने अभ्यास आणि उधळपट्टीवर चाप. यामुळे लोक त्यांना हेडमास्तर म्हणायचे. १९७७ ला पद गेलं. १९७८ ला काँग्रेस सोडून वेगळा गट काढला, शरद पवारांच्या पुलोद सरकारात अर्थमंत्री झाले, नंतर परत इंदिराजींकडे आले.

१९८० ला नांदेडचे खासदार म्हणून ते दिल्लीला गेले. शिक्षण, नियोजन, संरक्षण, अर्थ आणि गृह अशी खाती त्यांनी सांभाळली. मधे १९८६ ते १९८८ पुन्हा मुख्यमंत्री होते. तेव्हा राज्यात शून्याधारित अर्थसंकल्प आणला. म्हणजे मागच्या वर्षी पैसा मिळाला म्हणून यंदाही मिळेल, असं नाही. प्रत्येक खात्याने खर्चाची गरज नव्याने पटवून द्यायची.

१९९१ ते १९९६ ते नरसिंह राव सरकारात गृहमंत्री होते. त्याच काळात ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली, दंगली झाल्या, मार्च १९९३ मध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले. केंद्राने वेळीच पावलं उचलली नाहीत, ही टीका गृहमंत्री म्हणून त्यांच्यावरही झाली. २६ फेब्रुवारी २००४ ला त्यांचं निधन झालं. पुढे २००८ ला पुत्र अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले. नांदेडजवळच्या विष्णुपुरी प्रकल्पाच्या जलाशयाला आज शंकरसागर म्हणतात.

पाण्याचं भांडण मात्र त्यांच्यानंतरही मिटलं नाही. वर नाशिक-नगरच्या धरणांत पाणी अडलं की खाली नाथसागर रिकामा राहतो. पाणी सोडायचा वाद दर दुष्काळात कोर्टापर्यंत जातो. आणि धरण भरलं तरी मुकुंदवाडीच्या नळाला पाणी येईलच, याचा नेम नाही. त्यासाठी लागते जलवाहिनी, टाकी आणि रोजची वेळ पाळणारा कारभार. शंकररावांनी गोदावरी अडवून पाणी साठवलं. ते घरोघरी पोचवायचं काम पुढच्यांचं होतं, ते अजून पुरं झालेलं नाही.