डोंगरीचे १०१ दिवस आणि आगरकर

गोपाळ गणेश आगरकर आज समाजसुधारक म्हणून स्मरले जातात. परंतु त्यांना ज्या प्रकरणामुळे तुरुंगवास घडला, त्याचा संबंध सामाजिक सुधारणांशी नव्हता. संस्थानाच्या कारभाराची झडती वृत्तपत्राने घ्यावी काय, आणि घ्यावी तर कोणत्या पुराव्यावर, हा तो प्रश्न होता.

१४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळील टेंभू गावी, गरिबीत त्यांचा जन्म झाला. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी विद्येसाठी वणवण करीत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. एम. ए. झाल्यावर सरकारी नोकरीचा सुखाचा मार्ग सोडून त्यांनी चिपळूणकर व टिळक यांच्यासमवेत न्यू इंग्लिश स्कूलचे काम पत्करले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले, तेव्हा देशी भाषांतील वृत्तपत्रांना जखडणारा १८७८ चा कायदा अजून रद्द व्हायचा होता. अशा काळात ‘केसरी’चे संपादकपद २४ वर्षांच्या आगरकरांकडे आले, ‘मराठा’ टिळकांकडे होता.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवण्यात आले होते. त्यांचा छळ होत असल्याची बोलवा पुण्यापर्यंत पोहोचली होती. दोन्ही पत्रांनी हा विषय लावून धरला आणि संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवला. बर्व्यांच्या म्हणून हाती आलेल्या पत्रांवर त्यांची भिस्त होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये त्यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. तत्पूर्वी जोतीराव फुले यांच्या खटपटीने रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला होता. मतभेद असूनही झालेले हे साहाय्य विसरण्याजोगे नाही.

मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. सुटकेनंतर आगरकरांनी त्या दिवसांचा वृत्तान्त पुस्तकरूपाने लिहिला. पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. त्यांच्या जिवाविषयी वाटणारी काळजी अनाठायी नव्हती, हे तेव्हा उमगले. प्रश्न खरा होता, पण तो ज्या कागदांवर उभा केला ते कागद खोटे होते. अशा वेळी शिक्षा केवळ संपादकाला होत नाही. तो प्रश्नच दुबळा होतो आणि ज्याच्यासाठी तो विचारला, त्याचा कैवार घ्यायला कोणी उरत नाही.

सामाजिक प्रश्नांवरील मतभेद वाढल्यावर १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. आता सामना सरकारशी कमी आणि आपल्याच वाचकांशी अधिक होता. बालविवाह, केशवपन, विधवांची दुर्दशा यांवर त्यांनी निर्भीडपणे लिहिले. त्याचे उत्तर म्हणून सनातन्यांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने जर्जर झालेल्या आगरकरांनी लेखणी मात्र खाली ठेवली नाही. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असताना, १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्वतःच्या अंत्यसंस्कारापुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात.

वृत्तपत्राचे स्वातंत्र्य सत्तेकडून हिरावले जाते, तसे लोकक्षोभाने आणि कच्च्या पुराव्यानेही गमावले जाते. हे तिन्ही धोके आगरकरांनी अल्प आयुष्यात अनुभवले. आजच्या वार्ताहराच्या हाती एखादा खळबळजनक कागद येतो, तेव्हा डोंगरीची आठवण त्याला आधी तो कागद पारखायला लावो, आणि पारखून खरा ठरल्यावर छापण्याचे बळही देवो.