डॉ. सेमेलवाइस : बाळंतिणींचा कैवारी

बाळंतिणीला शिवण्याआधी सुईण हात स्वच्छ धुते, यात आज कुणाला नवल वाटत नाही. हे आग्रहाने सांगणारे डॉ. इग्नाझ सेमेलवाइस मात्र वेड्यांच्या इस्पितळात मेले.

त्यांचा जन्म १८१८ साली हंगेरीतील बुडा शहरी झाला. १८४६ मध्ये ते व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात साहाय्यक झाले. तेथे दोन प्रसूतिशाळा होत्या. पहिलीत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसरीत सुइणी. त्या वर्षी पहिलीत शेकडा ११.४ बाळंतिणी दगावल्या, दुसरीत २.८. भरती आळीपाळीने होई. पहिलीची पाळी आली की बायका हातापाया पडत. काहींना रस्त्यात बाळंत होणे बरे वाटे. पंडित हवेला दोष देत. भगिनींनो, हवा तर दोन्हीकडे एकच! अडाणी बायकांना उमगले ते पंडितांना उमगेना.

१८४७ च्या मार्चमध्ये त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का वारले. शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याची सुरी त्यांना लागली होती. लक्षणे थेट बाळंतज्वराची! सेमेलवाइसांना उलगडा झाला. विद्यार्थी प्रेते चिरून तसेच बाळंतिणींना तपासत. सुइणी प्रेतांना शिवत नसत. मे महिन्यापासून त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा १८ वर असलेले मृत्यू जूनमध्ये दोनच्या आसपास आले. १८४८ च्या मार्चमध्ये तर एकही बाळंतीण दगावली नाही.

पण आपल्याच हातांनी बायका मेल्या, हे मान्य कोण करणार? १८५० साली ते व्हिएन्ना सोडून पेस्टला परतले. १८६१ च्या त्यांच्या ग्रंथावर टीकाच फार झाली. तेव्हा त्यांनी नामांकित प्राध्यापकांना उघड पत्रांतून खुनी ठरवले. गोडीने घेतले असते तर बरे, असे म्हणतात. पण डोळ्यांदेखत आया मरत असता गोडी आणावी कुठून? १८६५ मध्ये त्यांना व्हिएन्नात वेड्यांच्या इस्पितळात कोंडले. दोन आठवड्यांत जखम चिघळून, रक्तात विष भिनून ते गेले. वय अवघे ४७.

१८७९ साली पाश्चर यांनी या ज्वराचे साखळीसारखे जंतू दाखवून दिले. आता तर त्या जंतूंची सारी जनुके वाचता येतात. एकाच वॉर्डातील दोन बाळंतिणींना ताप भरला, तर दोघींचे जंतू ताडून पाहतात. जुळले, तर लागण एकाच ठिकाणाहून, क्वचित एखाद्या कर्मचाऱ्याच्या घशातून, आल्याचा माग लागतो. औषधाला दाद न देणारी जनुकेही त्यात दिसतात, आणि कोणते औषध टाळावे हे डॉक्टरांना ठरवता येते.