हॅरी स्मिथ

हॅरी एव्हरेट स्मिथ (२९ मे, १९२३ – २७ नोव्हेंबर, १९९१) हे अमेरिकन ध्वनिमुद्रिका-संग्राहक, प्रायोगिक चित्रपटकार व चित्रकार होते. स्वतःच्या संग्रहातील ८४ जुन्या ध्वनिमुद्रणांतून त्यांनी सिद्ध केलेला अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक हा संच १९५२ मध्ये फोकवेज रेकॉर्ड्सने प्रकाशित केला. अमेरिकेतील लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाचा तो एक मुख्य आधार मानला जातो.

पूर्वायुष्य

स्मिथ यांचा जन्म ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे झाला. बालपण वॉशिंग्टन राज्यात गेले. आईवडील थिऑसॉफीचे अनुयायी होते. आई लमी या मूळनिवासी जमातीच्या वसाहतीत शिक्षिका असल्याने शाळकरी वयातच स्मिथ यांनी तेथील विधी व गीते ध्वनिमुद्रित केली. वॉशिंग्टन विद्यापीठातील मानववंशशास्त्राचे शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले. युद्धकाळात त्यांनी बोइंग विमान कारखान्यात नोकरी केली.

संग्रह

त्या काळी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेच्या असत. महायुद्धामुळे भारतातून येणाऱ्या लाखेची टंचाई झाली आणि जुन्या तबकड्या नव्या उत्पादनासाठी भंगारात जमा होऊ लागल्या. स्मिथ यांनी अशा हजारो तबकड्या अल्प किमतीत मिळवल्या. त्या वाचल्या नसत्या, तर त्यांतील काही गायनाचा मागमूसही उरला नसता.

अँथॉलॉजी

१९५० च्या सुमारास न्यूयॉर्कला आल्यावर पैशांच्या निकडीपोटी स्मिथ फोकवेजचे संस्थापक मोझेस ॲश यांच्याकडे आपला संग्रह विकण्यास गेले. ॲश यांनी त्यातून एक निवडक संच तयार करण्याचे काम त्यांनाच दिले. सहा दीर्घ ध्वनिमुद्रिकांच्या या संचाचे कथागीते, सामाजिक संगीत व गीते असे तीन भाग होते. मूळ तबकड्या प्रामुख्याने १९२७ ते १९३२ या काळातील होत्या: विद्युत ध्वनिमुद्रणामुळे आवाज स्पष्ट उमटू लागला तेव्हापासून महामंदीने अशा तबकड्यांचा खप थांबवला तोपर्यंतच्या. त्या व्यापारी कंपन्यांच्या मालकीच्या होत्या आणि ॲश यांनी त्यांची परवानगी घेतलेली नव्हती. कंपन्यांनी ही गाणी विक्रीतून काढून टाकली असल्याने ती लोकांना उपलब्ध करून देणे योग्यच आहे, अशी त्यांची भूमिका होती.

सोबतची पुस्तिकाही स्मिथ यांनीच लिहिली. बेडूक आणि उंदराच्या लग्नाच्या गाण्याचाही सारांश ते वर्तमानपत्री मथळ्याच्या थाटात देतात. गायक गोरा की काळा याचा उल्लेख मात्र त्यांनी मुद्दाम टाळला. ध्वनिमुद्रिका कंपन्या दोन्ही समाजांसाठी वेगळ्या मालिका काढत असताना हे वगळणे साधे नव्हते. मिसिसिपी जॉन हर्ट हे गोरे असावेत, असा समज पुढे अनेक वर्षे टिकला. मुखपृष्ठावर विश्वाची एकतारी जुळवणाऱ्या ईश्वरी हाताचे, रॉबर्ट फ्लड यांच्या ग्रंथातील चित्र होते.

संच महाग होता व खपही बेताचाच होता. तरीही डेव्ह व्हॅन राँक, बॉब डिलन यांच्या पिढीने त्यातून गाणी उचलली. त्यातील जे गायक हयात होते त्यांचा शोध सुरू झाला. १९६३ मध्ये डॉक बॉग्ज सापडले. त्याच वर्षी हर्ट हेही मिसिसिपीतील ॲव्हलॉन या गावी आढळले. गावाचे नाव त्यांच्याच दुसऱ्या एका गाण्यात होते. काही महिन्यांतच त्यांनी न्यूपोर्ट महोत्सवात गायन केले.

उत्तरायुष्य

स्मिथ यांचे पुढील आयुष्य दारिद्र्यात व व्यसनाधीनतेत गेले. चित्रपटांबरोबरच कागदी विमाने, दोऱ्याच्या आकृत्या, युक्रेनियन ईस्टर अंडी यांचा संग्रह त्यांनी चालूच ठेवला. कायोवा लोकांच्या पेयोटी विधीतील गीतांचे त्यांचे ध्वनिमुद्रण १९७३ मध्ये प्रकाशित झाले. अखेरच्या वर्षांत बोल्डर येथील नरोपा संस्थेने त्यांना आश्रय दिला. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यांना विशेष ग्रॅमी सन्मान मिळाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात त्यांचे निधन झाले. फोकवेजचा वारसा लाभलेल्या स्मिथसोनियन संस्थेने १९९७ मध्ये हा संच, यावेळी रीतसर परवाने घेऊन, सीडी स्वरूपात पुन्हा प्रकाशित केला.