डॉ. रुस्तम वकील आणि रुग्णशय्येची शाळा

मुलुंडहून सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या धिम्या लोकलमध्ये पांढरा कोट हातावर टाकून उभे असलेले वैद्यकाचे विद्यार्थी हमखास दिसतात. कोणी शीवला उतरतो, कोणी परळला. त्याच गाडीत पुष्कळदा एखादा रुग्णही असतो. घराजवळच्या दवाखान्यात त्याला मोठ्या इस्पितळात दाखविण्यास सांगितलेले असते, आणि रक्ताचे अहवाल, कार्डिओग्राम, जुने केसपेपर अशी सारी चळत पिशवीत घालून तो मुलासोबत के. ई. एम.च्या वाटेला लागलेला असतो. तासाभराने बाह्यरुग्ण विभागात किंवा वॉर्डात या दोघांची गाठ पडते. त्या वेळी विद्यार्थी प्रथम रुग्णाच्या तोंडाकडे पाहतो की त्याच्या पिशवीकडे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु वैद्यकाच्या शिक्षणाचे सारे मर्म त्यात साठविलेले आहे. या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी उपदेशाने नव्हे, तर आपल्या कामाने दिले, अशा एका मुंबईकर वैद्याचे स्मरण म्हणूनच आज अगत्याचे ठरते. डॉ. रुस्तम जाल वकील हे त्यांचे नाव.

वकील यांचा जन्म १९११ च्या जुलै महिन्यात मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकाच्या शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि तेथील सेंट टॉमस रुग्णालयाच्या विद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडले. दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वी ते मायदेशी परतले आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात रुजू झाले. हे रुग्णालय तेव्हा तरुण होते. १९२६ साली ते सुरू झाले, आणि त्याला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयामागे देणगीदारांच्या विश्वस्तांची एक बाणेदार अट होती : तेथील अध्यापक भारतीयच असले पाहिजेत. सरकारी वैद्यकसेवेतील वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखल्यासारख्या असत, त्या काळातील ही अट. डॉ. जीवराज मेहता यांच्यासारख्या पहिल्या पिढीच्या धुरीणांनी या संस्थेची घडी बसविली आणि वकील यांच्या पिढीने तिला नावलौकिक मिळवून दिला.

रुग्णालयाच्या भोवती गिरणगाव पसरलेले होते. या वस्तीतील रुग्ण आपली व्यथा इंग्रजीत सांगणारा नव्हता, की पाठ्यपुस्तकाच्या क्रमानेही सांगणारा नव्हता. तो दम लागतो म्हणे, जीव घाबरा होतो म्हणे, नाही तर अंगात ताकद राहिली नाही एवढेच सांगून गप्प बसे. त्यातून रोगाची हकीकत उभी करणे ही वैद्याची पहिली कसोटी होती. महापालिकेच्या या रुग्णालयातील मानद वैद्यांनी रुग्ण तपासावेत आणि तपासता तपासता विद्यार्थ्यांना शिकवावे, अशी रीत होती. रुग्णाची खाट हाच फळा आणि रुग्ण हाच ग्रंथ.

या शाळेची परंपरा जुनी आहे. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशा तीन मार्गांनी रोग्याची परीक्षा करावी, असे आपल्या आयुर्वेदाने सांगितलेलेच होते. युरोपात १७६१ साली ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगर याने छातीवर बोटाने ठोकून आतला आवाज ओळखण्याची पद्धत मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा होता. पिंपात दारू कुठवर आहे हे ठोकून पाहण्याच्या घरच्या सवयीतून त्याला ही युक्ती सुचली, असे सांगितले जाते. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक याने कागदाची गुंडाळी छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह याने दंडाला पट्टा आवळून कोपराशी कान देण्याची, म्हणजे आज घरोघरी परिचित असलेली रक्तदाब मोजण्याची रीत शोधून काढली. विद्यार्थ्याला व्याख्यानगृहातून उठवून रुग्णाच्या खाटेपाशी नेण्याचा आग्रह अमेरिकेत ऑस्लर याने धरला. वकील या साऱ्या परंपरेचे वारसदार होते.

त्यांचा विषय हृद्रोगाचा. आज ध्वनिलहरींच्या यंत्राने हृदयाची झडप पडद्यावर उघडझाप करताना दिसते. त्या काळी ती केवळ कानाने पाहावी लागे. सांधे सुजविणाऱ्या तापाने, म्हणजे ऱ्हुमॅटिक तापाने, बालपणी हृदयाची झडप बिघडते आणि त्याचे फळ अनेक वर्षांनी भोगावे लागते. एखादी तरुण स्त्री चाळीचा जिना चढताना दम लागतो म्हणून येते. लहानपणी गुडघे सुजून आपण महिनाभर अंथरुणाला खिळलो होतो, हे तिला आठवत नाही, किंवा त्या दुखण्याचा या दम्याशी काही संबंध असेल असे तिला वाटत नाही. ते विचारावे लागते. दम पहिल्या मजल्यावर लागतो की तिसऱ्या, रात्री उठून बसावे लागते काय, उशा किती घ्याव्या लागतात, खोकल्यातून रक्त पडले होते काय, हे एकेक करून विचारावे लागते. मग नाडी पाहायची, मानेच्या शिरा पाहायच्या, छातीवर तळहात ठेवायचा आणि शेवटी कान द्यायचा. अरुंद झालेल्या झडपेतून वाहणाऱ्या रक्ताची ती मंद घरघर रुग्ण उताणा असताना बहुधा निसटून जाते. त्याला डाव्या कुशीवर वळविले आणि स्टेथोस्कोप नेमक्या जागी ठेवला, तरच ती सापडते. ज्याने प्रश्न विचारून आधीच संशय धरला असेल, तोच रुग्णाला कुशीवर वळवील. ऐकण्यापूर्वी काय ऐकायचे हे ठाऊक असावे लागते, आणि ते रुग्णाच्या हकीकतीतून कळते. हकीकत आणि तपासणी यांना एकमेकींपासून तोडता येत नाही, ते याचसाठी.

वकील यांना जगाने ओळखले ते मात्र दुसऱ्या कारणाने. रक्तदाबाच्या विकारावर त्या काळी खात्रीचे औषध नव्हते. मिठावाचून केवळ भात-फळांवर रुग्णाला ठेवणे, नाही तर मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रिया करणे, हे उपाय होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासारख्या सत्ताधीशाचाही १९४५ साली वाढत्या रक्तदाबाने बळी घेतला, आणि भोवती जमलेले वैद्य फारसे काही करू शकले नाहीत. भारतात मात्र सर्पगंधेची मुळी वैद्यांच्या वापरात पिढ्यान् पिढ्या होती. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या गुणांविषयी लेख लिहिला होता. त्याच सुमारास सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातील द्रव्ये वेगळी काढली होती. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाला पटेल अशी चोख पारख व्हावयाची होती.

ती वकील यांनी केली. त्यांनी रक्तदाबाचे ५० रुग्ण निवडले. औषध देण्यापूर्वी काही काळ त्यांचा दाब नुसता मोजत राहिले, मग औषध देऊन मोजला आणि औषध थांबवून पुन्हा मोजला. बहुसंख्य रुग्णांचा दाब उतरला. १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि सर्पगंधेची कीर्ती जगभर गेली. बोस्टनमध्ये विल्किन्स यांनी ते औषध वापरून पाहिले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी मुळीतून रेसर्पीन हे द्रव्य शुद्ध रूपात काढले. पुढे मनोविकारांवरील उपचारांतही त्याचा उपयोग झाला. आज अधिक चांगली औषधे आल्याने रेसर्पीन मागे पडले आहे. त्याने काही रुग्णांना खिन्नता येते अशाही नोंदी झाल्या. तथापि औषधाने रक्तदाब उतरविता येतो, हा विश्वास वैद्यकाला देण्यात या निबंधाचा वाटा मोठा आहे.

या संशोधनाची साधने कोणती होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दंडाचा पट्टा, स्टेथोस्कोप, वही आणि चिकाटी. त्यात कोणतेही महागडे यंत्र नव्हते. घाबरलेल्या रुग्णाचा दाब वाढलेला दिसतो, जिना चढून आल्याबरोबर मोजला तर तो वेगळा येतो, नुसत्या विश्रांतीनेही तो उतरतो; हे जाणणाऱ्यालाच औषधापूर्वी थांबून मोजत राहण्याची आवश्यकता कळते. ज्या काटेकोरपणाने विद्यार्थ्याने एका रुग्णाला तपासावे, त्याच काटेकोरपणाने वकील यांनी ५० रुग्णांना तपासले. रुग्णशय्येची शाळा आणि संशोधनाची प्रयोगशाळा त्यांच्या ठायी निराळ्या राहिल्या नाहीत.

मानसन्मान ओघानेच आले. १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार त्यांना मिळाला आणि १९५८ साली भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. तथापि भारतातील सामान्य डॉक्टरला वकील हे नाव ठाऊक झाले ते पुरस्कारामुळे नव्हे, तर एका पाठ्यपुस्तकामुळे. डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासह त्यांनी रोगाची लक्षणे आणि शारीरिक चिन्हे यांवर विद्यार्थ्यांसाठी ग्रंथ सिद्ध केला. रुग्णाला काय विचारावे, त्याच्या अंगावर काय पाहावे, हात कुठे ठेवावा, कान कुठे लावावा आणि सापडलेल्या चिन्हाचा अर्थ काय लावावा, हे त्यात पद्धतशीर मांडले होते. विलायती पुस्तकांवर वाढणाऱ्या विद्यार्थ्यांना मुंबईच्या वैद्यांनी लिहिलेला हा ग्रंथ हाताशी आला. वकील यांच्या पश्चातही त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. लास्करचे मानकरी ठरलेल्या संशोधकाने तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला नाडी कशी पाहावी हे समजावून सांगण्यात कमीपणा मानला नाही, ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाची खरी खूण होय. वैद्यकाच्या इतिहासावरही त्यांनी रसाळ निबंध लिहिले.

नोव्हेंबर १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी पाहणी प्रसिद्ध केली. बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या ८० रुग्णांपैकी ६६ जणांच्या बाबतीत केवळ हकीकतीवरून केलेले निदान अखेरपर्यंत टिकले. ७ जणांच्या बाबतीत शारीरिक तपासणीने ते बदलले आणि उरलेल्या ७ जणांसाठीच प्रयोगशाळेची गरज लागली. वकील यांच्या पिढीने जे अनुभवाने जाणले होते, त्याला आकड्यांची साक्ष मिळाली.

यानंतरच्या अर्धशतकात यंत्रांनी वैद्यकाचे रूप पालटले आणि त्यामुळे असंख्य प्राण वाचले, हे नाकारणे हा करंटेपणा ठरेल. वकीलही कार्डिओग्राम वापरणारेच होते. आक्षेप यंत्राला नाही. यंत्राने प्रश्नाची जागा घ्यावी, याला आहे. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत एका रुग्णाच्या वाट्याला मोजकीच मिनिटे येतात. पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा पर्यायांतून उत्तर निवडण्याची असल्याने विद्यार्थ्याचे चित्त वॉर्डापेक्षा शिकवणीकडे ओढले जाते. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमाने पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याला रुग्णाजवळ नेण्याचे ठरविले, रुग्णाशी संवाद हा शिक्षणाचा भाग मानला आणि स्थानिक भाषेची तोंडओळखही आरंभीच घातली. हे स्वागतार्ह आहे. दूरच्या प्रांतातून आलेल्या विद्यार्थ्याला दम लागणे आणि दमा असणे यांतील भेद मराठी रुग्णाच्या तोंडून कळला नाही, तर पुढचे सारे व्यर्थ होय. परंतु अभ्यासक्रम कागदावर असतो. खाटेपाशी उभा राहून विद्यार्थ्याचा हात धरणारा आणि तो योग्य जागी ठेवणारा गुरू असावा लागतो, आणि त्या गुरूला त्यासाठी उसंत मिळावी लागते. महापालिकेच्या व शासनाच्या रुग्णालयांत अध्यापकांच्या जागा वेळेवर भरणे, हे म्हणूनच केवळ प्रशासनाचे काम राहत नाही; रुग्णाचे निदान बरोबर होईल की नाही, हे त्यावर अवलंबून असते.

यात सर्वांत मोठी हानी गरिबाची होते. ज्याच्याजवळ पैसा आहे तो दहा चाचण्या करून चूक दुरुस्त करून घेतो. मुलुंडहून एक दिवसाचा रोज बुडवून परळला आलेल्या माणसाला अनावश्यक चाचणी म्हणजे आणखी एक खेप आणि आणखी एक बुडालेला रोज. त्याच्यासाठी नीट विचारलेला प्रश्न हीच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जलद चाचणी आहे. वकील यांनी आपले काम याच माणसांच्या खाटांपाशी केले आणि जे शिकले ते पुस्तकात उतरवून पुढच्यांच्या हाती दिले. आता पिशवीतले कागद उलगडण्यापूर्वी रुग्णाला काय होते आहे हे विचारून घेणारा विद्यार्थी घडविणे, हे आजच्या अध्यापकांच्या आणि त्यांना उसंत देणाऱ्या कारभाऱ्यांच्या हाती आहे.